पायाला बांधलेली चिठ्ठी

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण सगळ्यांनी दहावीपर्यंत कधी ना कधी पाठ केलेलं आहे. राष्ट्रीय सभेची स्थापना, २८ डिसेंबर १८८५, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. एका मार्काची रिकामी जागा भरायची की ह्यूमसाहेबांचं काम संपलं. अधिवेशन खरं तर पुण्यात भरायचं होतं, पण पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवलं, एवढी भर हुशार मुलं घालायची.

इतिहासाच्या पुस्तकाने आपल्याला जे सांगितलं नाही ते असं, की त्याच वर्षी मे महिन्यात, म्हणजे त्या अधिवेशनाच्या सात महिने आधी, सिमल्याच्या एका डोंगरावरच्या बंगल्यात या गृहस्थांनी जवळपास ८२ हजार वस्तूंची बांधाबांध चालवली होती. त्यात ६३ हजार पक्षी होते, साडेअठरा हजार अंडी होती आणि पाचशे घरटी होती. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. हा लेख त्या चिठ्ठीबद्दल आहे. ज्यांना फक्त काँग्रेसचे ह्यूम हवे आहेत त्यांनी लायब्ररीत जावं, तिथे ते भरपूर आहेत.

ह्यूम यांचा जन्म जून १८२९ मधला. वडील जोसेफ ह्यूम हे इंग्लंडच्या पार्लमेंटमधले नावाजलेले सुधारक सभासद. सरकारी खर्चाच्या पैन् पैचा हिशोब मागणारा माणूस अशी त्यांची ख्याती. मुलाने वडिलांचा हा गुण घेतला आणि पुढे तो पक्ष्यांना लावला असं म्हणायला हरकत नाही. हेलिबरीच्या कंपनी कॉलेजात शिक्षण झालं, थोडा काळ लंडनच्या हॉस्पिटलात वैद्यकीचंही शिक्षण घेतलं आणि १८४९ मध्ये वीस वर्षांचा हा तरुण हिंदुस्थानात आला. बंगाल सिव्हिल सर्व्हिसची नोकरी, पहिलं महत्त्वाचं ठिकाण इटावा. आजच्या उत्तर प्रदेशात यमुनेच्या काठी आहे ते.

इटाव्यात त्यांनी शाळा काढल्या. एक-दोन नाही, १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि त्यात पाच हजारांवर मुलं. याच काळात पक्षी जमवायचा नादही लागला. मग सत्तावन्नचा उठाव झाला. ह्यूम यांना इटावा सोडून आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. सहा महिन्यांनी परत आले, लढाईत भाग घेतला, पुढे सरकारकडून किताबही मिळाला. पण तोपर्यंत जमवलेले सगळे पक्षी त्या धामधुमीत गेले. पहिला डेटा लॉस. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे अजून एक येणार आहे आणि तो याच्या शंभरपट वाईट आहे.

१८६७ मध्ये ह्यूम जकात खात्याचे कमिशनर झाले. इंग्रजांनी मिठावर कर बसवला होता आणि कर न भरता मीठ आत येऊ नये म्हणून पंजाबापासून बुऱ्हाणपूरवरून पार ओरिसाच्या बाजूपर्यंत एक जकातीची रेषा आखली होती. सगळी मिळून सुमारे चार हजार किलोमीटर! या रेषेच्या बऱ्याच भागावर चक्क काटेरी झाडांचं कुंपण होतं: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. मेलेल्या काट्यांचं कुंपण वाळवी खाते आणि वादळात उडून जातं, तेव्हा जिवंत झाडंच लावली पाहिजेत, हा आग्रह ह्यूम यांचा. सिव्हिलवाल्यांनी इस्टिमेट काढून पाहावं. गरिबाच्या मिठावर पहारा करणारं हे कुंपण ज्याने वाढवलं त्याच माणसाने पुढे काँग्रेस काढली, ही गोष्ट मला तरी पचायला जड जाते. पण ती खरी आहे, आणि माणसाचं चरित्र लिहिताना गैरसोयीचं रीडिंग गाळून टाकायचं नसतं.

तर या नोकरीमुळे वर्षातले अनेक महिने फिरती. हातात बंदूक, बरोबर कातडी सोलून भरणारे मदतनीस, आणि वही. त्या काळात पक्ष्याची नोंद करायची म्हणजे तो मारायचा, दुसरा मार्ग नव्हता. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, कॅमेरे नव्हते आणि मुख्य म्हणजे ताडून पाहायला पुस्तकच नव्हतं. जेर्डन या मद्रासकडच्या डॉक्टराने १८६२ ते ६४ मध्ये हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर पहिला मोठा ग्रंथ छापला, तेवढाच काय तो आधार. त्यातही कितीतरी जागा रिकाम्या होत्या. कोणता पक्षी कुठे, कोणत्या महिन्यात दिसतो, घरटं कधी करतो, अंडी किती, हे हजारो मैलांच्या देशात एकट्या माणसाला कळणार कसं?

ह्यूम यांचं मोठेपण या प्रश्नाच्या उत्तरात आहे. त्यांनी ठरवलं की एकट्याने करायचंच नाही. देशभर विखुरलेले कलेक्टर, जंगल खात्याचे अधिकारी, रेल्वेचे इंजिनियर, डॉक्टर, पलटणीतले कॅप्टन, चहा-कॉफीच्या मळ्यांवरचे साहेब, यांपैकी ज्याला ज्याला पक्ष्यांची आवड होती त्याला पत्र लिहून त्यांनी कामाला लावलं. आणि या सगळ्यांच्या नोंदी एकत्र छापण्यासाठी १८७२-७३ च्या सुमारास पदरच्या पैशाने एक नियतकालिक सुरू केलं, 'स्ट्रे फेदर्स'. म्हणजे विखुरलेली पिसं. इकडेतिकडे पडलेली पिसं गोळा करून पक्षी उभा करायचा, असं काहीसं ते नाव. १८८८ पर्यंत त्याचे अकरा खंड निघाले. आज आपण ज्याला नागरिक-विज्ञान म्हणतो, मोबाईलवर नोंदी टाकतो, त्याचा हा पोस्टखात्यावर चालणारा आजोबा होता.

आता कोणीही मेंबर, कोणाचीही नोंद, म्हटलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चार जणांनी चार पद्धतीने रीडिंग घेतली की शेवटी ग्राफ कसा दिसतो? ह्यूम यांनाही हीच अडचण आली. म्हणून १८७४ मध्ये त्यांनी एक छोटं मार्गदर्शक पुस्तकच छापलं. पक्षी कसा सोलायचा, कसा भरायचा, किडीपासून कसा जपायचा, पार्सल कसं बांधायचं, अगदी आपल्या लॅब मॅन्युअलसारखं. त्यांच्या पद्धतीचा कणा म्हणजे चिठ्ठी. ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि कोणी गोळा केला. शिवाय पक्षी ताजा असतानाच घेतलेली मापं आणि डोळ्याचा, चोचीचा, पायाचा रंग.

हे ताजेपणाचं महत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे. पक्षी मेल्यावर काही तासांत डोळ्याचा रंग जातो, पायाचा रंग उडतो, वाळल्यावर कातडी आकसते. संध्याकाळी तंबूत परत येऊन आठवून लिहिलं तर ते रीडिंग राहत नाही, तो निबंध होतो. पक्षी मारायचा प्रश्न आज उरलेला नाही, पण आठवून लिहिण्याचा उरलाच आहे. सकाळी टेकडीवर बारा पक्षी पाहिले आणि रात्री मेसमधून आल्यावर यादी लिहायला बसलो की तेराव्वा कुठूनतरी उडत येतोच.

ह्यूम यांच्या स्वतःच्या एका चिठ्ठीची हकीकत सांगतो. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ, म्हणजे आजच्या हिमाचलात, त्यांनी एक लहानसा तपकिरी पक्षी मिळवला. वटवट्या कुळातला. ज्यांनी वटवटे पाहिलेत त्यांना माहीत आहे की हे पक्षी एकमेकांसारखे इतके दिसतात की दुर्बिणीतून पाहणारा शेवटी हात जोडतो. याची चोच मात्र जरा मोठी वाटली. ह्यूम यांनी १८६९ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन छापलं आणि त्याला एका गटात घातलं. पुढे १८७१ मध्ये त्यांनी स्वतःच तो गट बदलून त्याला बोरूवनातल्या वटवट्यांत नेलं. पण तसा दुसरा पक्षी कोणालाच सापडला नाही. वर्षं गेली. तज्ज्ञ म्हणू लागले की हा कुठल्यातरी नेहमीच्या वटवट्याचा विचित्र नमुना असावा. एकच रीडिंग, रिपीट होत नाही, मग गाळा! तरी तो पक्षी खणात राहिला आणि पायाची चिठ्ठी पायाला राहिली. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

१८७१ मध्ये सरकारने महसूल, शेती आणि व्यापार असं नवं खातं काढलं आणि ह्यूम त्याचे सेक्रेटरी झाले. आता मुक्काम सिमल्याला. जाखू टेकडीवर त्यांनी रॉथनी कॅसल नावाचा बंगला घेतला आणि त्यात पक्ष्यांचं संग्रहालय उभं केलं. सिंध, अंदमान, लक्षद्वीप, पुढे १८८१ मध्ये मणिपूर अशा मोहिमा काढल्या. मणिपुरात मिळालेल्या एका सुंदर फेझंटला पत्नीचं नाव दिलं. तो आज मणिपूरचा राज्यपक्षी आहे. पगाराचा मोठा वाटा पक्ष्यांवर जात असे.

हिंदुस्थानातल्या पक्षीशास्त्राचे पोप असं त्यांना म्हणत. यात कौतुक किती आणि चिडवणं किती ते सांगता येत नाही. कारण 'स्ट्रे फेदर्स'मध्ये ह्यूम यांची लेखणी फार तिखट चालायची. कोणी घाईने नवी जात जाहीर केली, कोणी ऐकीव गोष्ट नोंद म्हणून पाठवली, की साहेब जाहीरपणे सालटी काढत. ओरलला असा एक्स्टर्नल आला तर अर्धी बॅच केटीत. पण गंमत अशी की माणसं चिडूनही पत्रं पाठवत राहिली. माझ्या मते याचं कारण साधं आहे. ज्याची नोंद असेल तिच्याखाली त्याचं नाव छापून येत असे. भंडाऱ्याच्या जंगलातला कोणी दुय्यम अधिकारी असो की कराचीचा मोठा साहेब, नोंद टिकली तर श्रेय त्याचं, आणि चुकली तर जबाबदारीही त्याचीच. कोणी पाहिलं हे लिहिणं म्हणजे नुसता मान नाही, नंतर शंका आली तर विचारायचं कोणाला याचा तो पत्ता असतो.

या मंडळींत ब्ल्युइट नावाचे एक अधिकारी होते. १८७२ च्या डिसेंबरात त्यांना आजच्या छत्तीसगडच्या भागात एक लहान घुबड मिळालं. आपल्या ओळखीच्या पिंगळ्यासारखं, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, अंगाने जरा दणकट. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला नवी जात ठरवलं आणि ब्ल्युइट यांचं नाव दिलं. तोच आपला रानपिंगळा. दुसरे जेम्स डेव्हिडसन, मुंबई इलाख्याचे सनदी अधिकारी, खानदेशात नेमणुकीला. त्यांनी १८८२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'च्या दहाव्या खंडात पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. शहादा, तळोदा, सातपुड्याच्या पायथ्याची जंगलं हा त्यांचा मुलूख. आपल्या होस्टेलवर नंदुरबार-धुळ्याकडची मुलं कायम असतात, त्यांच्या गावाचे पक्षी एकशे चाळीस वर्षांपूर्वी असे कागदावर आले. डेव्हिडसन यांनाही १८८० ते ८४ या काळात रानपिंगळे मिळाले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने.

इकडे ह्यूम यांच्या नोकरीत बिघाड झाला होता. सरकारचं शेतीचं धोरण शेतकऱ्याच्या गळ्याला फास लावतंय असं ते वरिष्ठांना तोंडावर सांगत आणि लिहीतही. १८७९ मध्ये त्यांना सेक्रेटरीपदावरून काढून खाली बदली केली. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. याच सुमाराला ते थिऑसॉफीकडे वळले, शाकाहारी झाले, पक्षी मारणं सोडलं. मॅडम ब्लॅव्हट्स्कींशी पुढे बिनसलं, पण बंदूक परत हातात घेतली नाही. हजारो पक्षी मारलेल्या माणसाला पन्नाशीच्या आसपास असं वाटावं यात मला ढोंग दिसत नाही. त्यांनी जे मारलं त्याचा पुरेपूर हिशोब ठेवला होता, प्रत्येकाची तारीख त्यांच्याकडे लिहिलेली होती.

आता राहिला होता तो महाग्रंथ. पंचवीस वर्षांच्या वह्या, शेकडो पत्रं, सगळ्या हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा समग्र इतिहास. त्याची हस्तलिखितं रॉथनी कॅसलमध्ये होती. एका हिवाळ्यात ह्यूम मैदानी मुलखात उतरले, बंगला मागे नोकरांच्या ताब्यात. परत येऊन पाहतात तर कागद नाहीत. नोकराने ते सगळं सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकलं होतं! कोणाच्या भज्या त्यात बांधल्या गेल्या असतील देव जाणे. ज्यांच्या लॅपटॉपची हार्डडिस्क फायनल इयरच्या एप्रिलमध्ये गेली आहे त्यांनाच या दुःखाची कल्पना येईल, आणि त्यांचं प्रोजेक्ट एका वर्षाचं असतं.

वाचलं काय ते पाहा. जे छापून वाटलं होतं ते वाचलं, 'स्ट्रे फेदर्स'चे खंड. आणि जे पक्ष्याच्याच पायाला बांधलेलं होतं ते वाचलं. ग्रंथ तयार होईपर्यंत स्वतःपाशी राखून ठेवलेलं तेवढं गेलं.

ह्यूम यांचं मन यातून उठलं ते उठलंच. त्यातच पावसाने दरडी कोसळून संग्रहालयाचं नुकसान झालं, कीडही लागली होती. त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला फुकट देऊ केला. अटी मात्र ह्यूमछाप होत्या. म्युझियमचे पक्षीतज्ज्ञ बोडलर शार्प यांनी स्वतः यावं, स्वतःच्या हाताने बांधाबांध करावी, आणि या कामाच्या बोज्याबद्दल शार्प यांचा हुद्दा आणि पगार वाढवावा! फुकट देणारा घेणाऱ्याच्या नोकराचा पगार वाढवायला सांगतो, हे ऐकून म्युझियमवाले गप्पच बसले. या घोळात वर्षं गेली आणि तेवढ्यात वीसेक हजार नमुने नष्ट झाले. शेवटी १९ मे १८८५ रोजी शार्प सिमल्याला पोचले. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या जागेवरच बनवल्या, खिळा न वापरता, एकेक पेटी सुमारे अर्ध्या टनाची. खिळे का नाहीत? ठोकाठोकीच्या हादऱ्यांनी आणि खिळ्यांच्या टोकांनी नाजूक नमुन्यांचं काय होईल याचा विचार मेकॅनिकलवाल्यांनी करावा. डोंगरातून त्या खाली उतरवून, जहाजात चढवून लंडनला नेल्या.

त्यापुढचं आपल्या पुस्तकात आहे. १८८३ मध्येच ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना खुलं पत्र लिहून देशासाठी झटणारी पन्नास माणसं मागितली होती. ती पद्धत ओळखीची वाटते ना? देशभर विखुरलेली माणसं, पत्रव्यवहार, सगळ्यांना एका जागी आणणं. पक्ष्यांच्या कामात त्यांना हे साधलं होतं. काँग्रेसचं सरचिटणीसपद त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं. १८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. तिथेही हात रिकामे राहिले नाहीत, वनस्पतींच्या मागे लागले. १९१० मध्ये साऊथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट काढली, सामान्य माणसाला झाडं शिकता यावीत म्हणून. ती आजही चालू आहे. तिथली वाळवलेली पानं अर्थातच चिठ्ठ्यांसकट आहेत. ३१ जुलै १९१२ रोजी ते गेले.

माणूस गेला तरी त्याच्या चिठ्ठ्यांचं काम संपत नाही, आणि इथे गोष्टीत एक खलनायक येतो.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश फौजेतला नामांकित अधिकारी, मोठा पक्षीतज्ज्ञ म्हणून मान असलेला. आपले सलीम अलीसुद्धा १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. त्याने जमवलेले वीस हजारांच्या आसपास पक्षी १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: गुजरातेत तापीकाठचं मांडवी, ऑक्टोबर १९१४. म्हणजे १८८४ नंतरची एकुलती एक नोंद! साहजिकच ज्याला रानपिंगळा शोधायचा त्याच्या नकाशावर मांडवीवर फुली पडली.

हा मनुष्य मेला १९६७ मध्ये. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स या संशोधकाने त्याच्या काही नमुन्यांवर जाहीर संशय घेतला. मग अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहीत असलेल्या पामेला रासमुसेन यांनी खणच्या खण तपासले. पक्षी भरण्याची प्रत्येकाची एक ढब असते, जसं प्रत्येकाचं अक्षर. क्ष-किरणांखाली आणि भिंगाखाली दिसलं की मांडवीचा म्हणवणारा रानपिंगळा आधी एकदा वेगळ्या हाताने भरलेला होता, नंतर उसवून पुन्हा शिवलेला. मूळ ढब डेव्हिडसन यांची! खानदेशातला पक्षी म्युझियममधून पळवून, नवा कापूस भरून, नवी चिठ्ठी बांधून, आपलाच म्हणून परत दिलेला. सरळ भाषेत जीटी. ड्रॉईंग शीट काचेवर ठेवून छापतात तसा पक्षी छापला. आणि असे नमुने एक नाही, शेकडोंनी निघाले.

आपण जीटी मारतो तेव्हा फार तर सबमिशन रिपीट होतं. इथे एका पक्ष्याचा पत्ता हरवला होता. जी नोंद चुकीची आहे असं आपल्याला माहीत नसतं ती नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण नसलेली नोंद कोणाला चुकीच्या जंगलात पाठवत नाही.

रासमुसेन यांनी मांडवी नकाशावरून पुसली आणि उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्या घेऊन १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह भारतात आल्या. आधी पूर्वेकडे, ब्ल्युइट यांच्या बाजूला शोधलं. काही नाही, जंगलच फारसं उरलं नव्हतं. मग डेव्हिडसन यांच्या खानदेशात, शहाद्याला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, लख्ख उजेडात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी! पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो सापडत गेला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलात. सातपुड्यातल्या लोकांच्या दृष्टीने तो हरवलेलाच नसावा. त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

शोध लागल्यावर नवी डोकेदुखी सुरू होते, ती ह्यूम यांच्या काळात नव्हती. दुर्मिळ घुबडाची ढोली कुठे आहे हे सगळ्यांना कळलं की कॅमेरेवाल्यांची रांग लागते, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावतात, आणि घुबडांना जादूटोण्यासाठी गिऱ्हाईक आहे हे तर उघड गुपित. म्हणून हल्ली जबाबदार नोंदकर्ते तारीख-ठिकाण अचूक लिहितात, पण घरट्याचा पत्ता गावभर करत नाहीत. चिठ्ठी पूर्ण लिहायची आणि दाखवायची कोणाला ते पाहायचं. आपल्या कॅम्पसमध्ये दर फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षीगणनेला जे येतात त्यांच्याशी यावर वाद घालायला मी तयार आहे, कारण काहींना हे पटत नाही. लपवलं तर शास्त्र कसं पुढे जाणार असं ते म्हणतात. रॉथनी कॅसलच्या रद्दीची आठवण ठेवली तर त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

आता तो रामपूरचा वटवट्या. २००२ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या दोन संशोधकांनी ह्यूम यांच्या त्या एकुलत्या पक्ष्यातून डीएनए काढला आणि सांगितलं की ही जात खरंच वेगळी आहे. म्हणजे १३५ वर्षांनी ह्यूम पास. पण जिवंत पक्षी? २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये फिलिप राऊंड हे अभ्यासक एका सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांपाशी जाळी लावून पक्ष्यांना कडी चढवत होते. जाळीत एक वटवट्या आला, चोच जरा मोठी. त्यांनी दोन पिसं काढून घेतली, पायात कडी घातली, फोटो काढले, आणि पक्षी सोडून दिला. पिसं स्वीडनला गेली. रामपूरच्या पक्ष्याशी जुळली. त्यानंतर लंडनच्या संग्रहातच दुसऱ्या नावाच्या खणात १८६९ मधला आणखी एक तसाच पक्षी निघाला, आणि काही वर्षांत अफगाणिस्तानच्या वाखान खोऱ्यात हे पक्षी घरटी करताना सापडले.

थायलंडच्या त्या पक्ष्याला जाळीतून सोडल्यावर त्याच्या पायात जे राहिलं ती ॲल्युमिनियमची कडी होती, तिच्यावर नंबर होता, आणि त्या नंबरासमोर वहीत ठिकाण आणि तारीख.